कानानं वाचलेली सहा महिन्यांची पुस्तकं : प्रकल्प नोंदी

१ जानेवारी २०२५, बुधवार

आजपासून सुरू. काम असं: रोज रात्री जेवणं आटोपली की पाऊण तास अण्णांना वाचून दाखवायचं. वाचताना मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, म्हणजे दिवसा मी बँकेत असताना आई तेच त्यांना परत लावून देईल. जूनअखेरपर्यंत चालवायचं आणि तोवर झालेल्या पुस्तकांतली आपली आवडती कुठली, ते दोघांनी मिळून ठरवायचं. पन्नास पानांत मन लागलं नाही तर पुस्तक बंद. बंद करायचा हक्क अण्णांचा.

अण्णा छत्तीस वर्षं कऱ्हाडच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे केस नावाच्या कप्प्यांच्या ट्रेमधून खिळे, धातूची सुटी अक्षरं, उचलून स्टिक या हातातल्या पट्टीत ओळी जुळवणारे. काचबिंदूनं त्यांच्या नजरेच्या आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही गेलं. डिसेंबरात एका सकाळी त्यांनी पेपरची घडी घालून तो आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "बंद कर आता. नुसत्या शाईच्या वासासाठी कशाला पैसे घालवायचे?" त्या रात्री मला झोप लागली नाही. हे काम त्यातून निघालं.

पहिलं पुस्तक मी निवडलंय, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. जोडीला दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख. ते सलग वाचायचं नाही. सध्या पौष आहे, तर आधी पौष. बाहेर जो महिना असेल तोच घरात.

४ जानेवारी

तीन रात्री झाल्या. पहिल्या दोन रात्री मी फार भरभर वाचलं. डोळ्यांनी वाचायची सवय, त्यामुळे तोंड मागं राहतं आणि डोळे पुढं पळतात. आज चौथ्या पानावर अण्णांनी हात वर केला.

"स्वल्पविराम गिळलास."

मी पुस्तकात पाहिलं. खरंच होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाक्य अडखळलं की. स्वल्पविराम पण खिळाच असतो गं. तोही केसमधनं उचलून लावायला लागतो. गरज नसंल तर कोण कशाला उचलंल?"

ऐकताना त्यांचे हात स्वस्थ नसतात हेही आज लक्षात आलं. डावी मूठ अर्धी मिटलेली, आत स्टिक धरल्यासारखी. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हवेतून काहीतरी उचलतात आणि डाव्या तळव्यापाशी नेतात. तिथं डावा अंगठा जरासा सरकतो, नुकताच ठेवलेला खिळा टेकवून धरावा तसा. मी वेग कमी केला तशी बोटं शांत झाली. आता तेच माझं माप. बोटं धावायला लागली की मी हळू व्हायचं.

१४ जानेवारी, संक्रांत

पौषाचा लेख झाला. आईनं तिळगूळ करताना स्वयंपाकघरातूनच ऐकला. रेकॉर्डिंगमध्ये खलबत्त्याचा आवाज आलाय. अण्णा म्हणाले, राहू दे.

'स्मृतिचित्रे' रंगात आलंय. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं, त्यापायी घरादाराची होणारी ससेहोलपट. बाई वडिलांचा राग करत नाहीत आणि त्यांना पाठीशीही घालत नाहीत. जे झालं ते सांगतात, आणि सांगता सांगता हसवतात. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली ही बाई. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अकराव्या वर्षी लग्न, अक्षरं नवऱ्यानं शिकवली. पुस्तकाचा पहिला भाग छापून आला १९३४ साली, म्हणजे वयाच्या पासष्टीनंतर. वाक्यं इतकी आखूड आणि बोलती आहेत की वाचताना मला श्वास कुठं घ्यायचा याचा विचारच करावा लागत नाही.

अण्णा आज म्हणाले, "ही बाई लिहीत नाही, समोर बसून बोलतीय."

२ फेब्रुवारी

आज तो भाग आला. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं, तिथून पुढचा. नवरा जिवंत आहे, पण त्याच्याकडे जाता येत नाही. मूल पदरात आहे आणि घर कुणाचं म्हणायचं ते ठाऊक नाही. हे डोळ्यांनी मी दोनदा वाचलं होतं, कॉलेजात आणि मग लग्नानंतर. दोन्ही वेळा मला टिळकांचा राग आला होता. आज मोठ्यानं वाचताना तो राग धरून ठेवता आला नाही, कारण बाईंच्या वाक्यात तो नाही. आवाजात नसलेला राग वाचणाऱ्याला वरून चिकटवता येत नाही. चिकटवायला गेले तर ऐकताना खोटं वाटलं. मलाच वाटलं.

अण्णा काही बोलले नाहीत. आईनं मात्र दाराशी उभं राहून विचारलं, "मग गेली का ती त्याच्याकडं?" मी म्हटलं, "जाईल, पण तिला वर्षं लागतील." आई आत येऊन बसली. आजपासून श्रोते दोन.

२३ फेब्रुवारी

'स्मृतिचित्रे' संपलं. दिल्लीत साहित्य संमेलन चालू होतं, अध्यक्ष ताराबाई भवाळकर. शेजारच्या सांगलीच्या, म्हणून आमच्या घरात त्याचं कौतुक जास्त. अण्णांना बातम्या वाचून दाखवल्या. त्यावरून गाडी १९७५ वर गेली.

त्या वर्षीचं संमेलन आमच्या कऱ्हाडला झालं होतं आणि अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. आणीबाणीचा काळ. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. आणि त्यांच्यासमोर दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. पुढं त्यांना अटकही झाली. अण्णा तेव्हा सत्तावीस वर्षांचे. छापखान्यातून सुटून मंडपात गेले, ते पार मागच्या बाजूला उभे राहिले.

"चेहरा काय दिसला नाही. लांब होतो. आवाज मात्र ऐकला."

ही हकिगत मी याआधी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. जवळजवळ दोन महिने घरात 'ऋतुचक्र' चालू आहे, माघाचा लेख परवाच झाला, तरी त्यांनी तोवर सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "झाडापानांचं लिहिणारी आणि ती एकच बाई आहे हे आज ध्यानात आलं. आम्ही पुस्तकं जुळवली, वाचली कुठं? एक फर्मा माझ्याकडं, पुढचा दुसऱ्याकडं. सोळा पानांत माणूस कधी जन्माला आला आणि कधी मेला हे कळतच नाही."

ही नोंद मुद्दाम सविस्तर लिहून ठेवतेय. अण्णांच्या छापखान्यात लग्नपत्रिका, कारखान्याचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं आणि अधूनमधून गावातल्या लेखकांची पुस्तकं निघत. मी लहानपणापासून समजत आले की अण्णांनी ढीगभर पुस्तकं वाचलीत.

२ मार्च

'बहिणाबाईंची गाणी'. वऱ्हाड-खानदेशाकडची बोली, लेवा गणबोली. आमच्या कानाला ती सवयीची नाही. पहिल्या रात्री अण्णा अस्वस्थ होते. शब्द अडत होते. दुसऱ्या रात्री मी अर्थाच्या टिपांकडे बघणं सोडलं आणि जात्यावर म्हणावं तसं ठेक्यात वाचत गेले. मग आईनंच अर्थ सांगायला सुरुवात केली. तिची मावशी जळगावकडं दिली होती, तिच्याकडून ऐकलेलं.

बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता म्हटलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. म्हणजे पुस्तक झालेलं त्यांनी पाहिलंच नाही, आणि पाहिलं असतं तरी ते त्यांना कुणीतरी वाचूनच दाखवावं लागलं असतं.

एका गाण्यात छापखाना येतो. त्यात त्या म्हणतात की माणूस वेडाच राहतो आणि कोरा कागद मात्र छापून शहाणा होतो. अण्णांनी ते कडवं माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. मग खुर्चीतून उठले, भिंत धरत मोरीपर्यंत गेले, तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "छत्तीस वर्षं कागद शहाणे केले बघ."

आई म्हणाली, "तुम्ही काय वेडे नाही राहिलात." बराच वेळ कुणी बोललं नाही.

२० मार्च

विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास', आठ रात्रींत संपलं. याच्याइतकं सरळ कानात जाणारं पुस्तक अजून झालं नाही.

पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर पायी निघतो. साल १८५७. पुढं काय वाढून ठेवलंय ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे आणि त्या भटजीला नाही. यातली खुमारी मोठ्यानं वाचताना दसपट होते. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो गावात होता. मिळवलेले पैसे वाटेत लुटले जातात, पुन्हा मिळवतो, पुन्हा जातात. शेवटी घरी येताना काय आणतो, तर आईबापांसाठी गंगेची कावड.

हे सगळं त्यानं पंचवीसेक वर्षांनी, १८८३ साली लिहिलं. छापलं गेलं १९०७ मध्ये, तेही चिंतामणराव वैद्यांनी भाषेवर हात फिरवून, लेखक गेल्यावर. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी ते १९६६ साली पुन्हा काढलं. अण्णांना ही माहिती सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: "मग आपण वाचतोय ते भटजीचं का वैद्यांचं?" आमच्याकडं पोतदारांच्या पाठाची प्रत आहे. ते ऐकून त्यांनी मान डोलावली. मजकुरात हात घालणारे लोक त्यांना आवडत नाहीत. कंपोझिटरनं जे लिहिलंय तेच जुळवायचं, चूक असली तरी, असं त्यांचं म्हणणं.

झाशीच्या ग्रंथालयाची नासधूस झाली तो भाग आज दुसऱ्यांदा वाचला. युद्धातली माणसं मेलेली ऐकताना अण्णा शांत होते. पुस्तकं फाडली, उधळली हे आलं तेव्हा डावी मूठ घट्ट मिटली. मी क्षणभर थांबले, मग पुढं गेले.

३० मार्च, पाडवा

चैत्राचा लेख. गुढी उतरवल्यावर वाचला. दारातल्या कडुलिंबाचा मोहोर आईनं अण्णांच्या हातावर ठेवला आणि मी वाचत राहिले. दुर्गाबाईंची वाक्यं लांब असतात, विशेषणांनी भरलेली. पौषात मला ती वाचायला जड गेली होती. आता कळलंय की त्यांना वेळ द्यायचा असतो. एका वाक्यानंतर दोन श्वास.

१२ एप्रिल

एक गाजलेली ऐतिहासिक कादंबरी साठाव्या पानावर बंद. नाव लिहीत नाही. अनेकांची ती लाडकी आहे, माझीही होती. आठवीत असताना ती वाचून मी रडले होते. पण मोठ्यानं वाचताना प्रत्येक पात्र भाषण केल्यासारखं बोलतं आणि माझाही आवाज आपोआप नाटकातल्यासारखा चढतो. अण्णा म्हणाले, "घरात असं कुणी बोलत असंल का?" पुस्तक कपाटात ठेवताना वाईट वाटलं, पण कानाला हे पटत नाही, हे मला मान्य आहे.

२७ एप्रिल

आनंद यादवांची 'झोंबी'. १९८७ चं पुस्तक, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार. कागल आमच्यापासून फार लांब नाही, आणि बोली तर घरचीच म्हणायची. वाचताना मला काहीच करावं लागत नव्हतं. बँकेत सांभाळून बोलायची सवय लागलेली जीभ घरी परत आली. आई मधेच "हां, अगदी असंच" म्हणायची.

शाळेसाठी बापाशी झोंबणारा पोरगा. बाप म्हणतो शेतात राब, पोरगं म्हणतं शाळा. दत्ताजीराव देसाई मध्यस्थी करतात तो प्रसंग आम्ही दोनदा वाचला. पुढं सौंदलगेकर मास्तरांमुळं त्याला कवितेचा नाद लागतो. गुरं राखताना कागद नसतो, म्हणून तो काटकीनं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो.

अण्णा हसले, आणि हसता हसता गप्प झाले. मग म्हणाले की सातवीनंतर त्यांनाही शाळा सोडावी लागली. छापखान्यात लागले ते झाडू मारायला. रात्री केसमधल्या कप्प्यांत हात घालून कुठलं अक्षर कुठं ते पाठ केलं. इंग्रजीची केस सोपी. मराठीला काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळ्याला वेगळा कप्पा. "अंधारात शिकलो. मालक रात्री दिवा लावू द्यायचा नाही. तवा आत्ता काय नवीन नाही मला."

हे रेकॉर्डिंगमध्ये आलंय. ती फाइल वेगळी ठेवली.

१८ मे

'कोसला'. सुरुवातीला मला धास्ती होती. १९६३ मध्ये पंचविशीतल्या नेमाड्यांनी लिहिलेली कॉलेजच्या पोराची हकिगत सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला कशी लागेल? पण 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' अण्णांना इतके आवडले की दोन दिवस घरात सगळे तसेच बोलत होतो. पांडुरंग सांगवीकराचं होस्टेल, मेस, उधारी, बापाचे पैसे. अण्णा पूर्ण वेळ बापाच्या बाजूनं.

धाकट्या बहिणीला देवी येतात आणि ती जाते, तो भाग काल रात्री आला. मला माहीत होतं तो येणार. तरी तिथं माझा आवाज गेला. पुढची ओळ दिसत होती, पण तोंडातून निघेना. अण्णांनी विचारलं नाही काय झालं. त्यांची एक बहीण लहानपणी देवीनं गेली आहे. तिचा फोटोही नाही घरात. थोड्या वेळानं ते म्हणाले, "पाणी पी. मग वाच. मधे नको सोडूस."

मी वाचलं. तो भाग एका दमात, रात्री अकरापर्यंत. नेमाड्यांनी तिथं एकही वाक्य मऊ केलेलं नाही. ते डोळ्यांनी वाचताना मला कधी एवढं कळलं नव्हतं.

२६ मे

पाऊस. मान्सून आज मुंबईतही पोचल्याची बातमी आहे, इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. आमच्याकडं तर दहा-बारा दिवस कोसळतोच आहे. वैशाखाचा लेख उन्हाळ्यासाठी राखून ठेवला होता, तो पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात वाचावा लागला. रेकॉर्डिंग जवळजवळ निकामी. पुन्हा करायला हवं होतं, पण अण्णा म्हणाले, "यंदाचा वैशाख असाच होता असं म्हणायचं."

८ जून

'बनगरवाडी', पाच रात्री. व्यंकटेश माडगूळकरांचं एकही वाक्य जास्तीचं नाही. धनगरांच्या वाडीत आलेला पोरसवदा मास्तर, कारभारी, तालमीची इमारत, आणि मग दुष्काळ. शेवटी वाडी रिकामी होत जाते तेव्हा बाहेर पाऊस होता आणि घरात तिघंही चुपचाप. यावर जास्त लिहायला मला काही सुचत नाही. आवडलं. फार आवडलं.

२२ जून

आज ठरवायला बसलो. मी कागदावर नंबर घालायला लागले तर अण्णा म्हणाले नंबर नको. त्यांच्या मते 'माझा प्रवास' आणि बहिणाबाई पुन्हा वाचायच्या, लगेच. 'कोसला' पुन्हा नको, पण कपाटात पुढं ठेवायची. आईचं एकच, 'स्मृतिचित्रे'. मी 'झोंबी' म्हणाले. जानेवारीत विचारलं असतं तर म्हणाले नसते. तेव्हा मला वाटायचं की वाचताना आपण पुस्तकाला आवाज देतो. चांगल्या पुस्तकात आवाज आधीच असतो. तो सापडला की आपण फक्त वाट मोकळी ठेवायची. ज्या पुस्तकांत तो मिळाला ती सगळी आवडती झाली.

'ऋतुचक्रा'ला कुणी मत दिलं नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "ते अजून संपलं कुठं?"

२६ जून, आषाढ सुरू

संध्याकाळी अण्णांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. छापखाना ऑफसेटवर गेला तेव्हा खिळे किलोवर मोडीत निघाले, त्यातले मूठ-दोन मूठ त्यांनी मागून आणले होते. मथळ्याचे मोठे खिळे आणि एक जुनी स्टिक. मला वाटायचं पेटीत हत्यारं आहेत.

त्यांनी खिळे चादरीवर ओतले आणि एकेक उचलून अंगठ्यानं चाचपायला सुरुवात केली. आधी बाजूची खाच शोधायची. खाच कुठल्या अंगाला आहे त्यावरून खिळा सुलटा की उलटा ते कळतं. मग तोंडावरून बोट. 'क' ओळखायला वेळ लागला नाही. 'घ' आणि 'ध' मध्ये दोनदा चुकले. आई शेजारी बसून खरं-खोटं सांगत होती. तासाभरानं त्यांनी चार खिळे स्टिकमध्ये लावले, डावा अंगठा शेवटच्या खिळ्यावर टेकवला आणि स्टिक माझ्यापुढं धरली.

मला वाचता येईना. अक्षरं डोक्यावर उभी.

"उलटी असली तरी डावीकडनंच सुरू कर," ते म्हणाले. "पहिलं काय दिसतंय?"

"आ."

"पुढं?"

मी मान वाकडी करून पाहत राहिले. ते थांबले होते.

"घाई नको. बोट लावून बघ. पोटात तिरकी रेघ लागते का?"

लागली. 'ष'. मग काना. मग 'ढ'.